शनिवार सायंकाळचे खुले स्काऊट पथक : तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील एका शाळेच्या मैदानावर दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात या वेळेत भरणाऱ्या खुल्या स्काऊट पथकात आमचा मुलगा तीन वर्षांपासून जात आहे आणि धाकटी मुलगी गेल्या जूनपासून त्याच गटाच्या बुलबुल, म्हणजे लहान मुलींच्या, विभागात आहे. या काळात पालक म्हणून, आणि दोन शिबिरांत स्वयंपाकाच्या देखरेखीसाठी मदतनीस म्हणून, जे पाहिले त्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. मुलाला अशा पथकात घालावे की नाही, या विचारात असलेल्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे. पथकाचे आणि ते चालवणाऱ्यांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण त्यांना प्रसिद्धी नको आहे आणि माझ्या तक्रारीही त्यांच्या नावावर जाहीरपणे नोंदवणे योग्य वाटत नाही.

प्रथम 'खुले पथक' म्हणजे काय ते सांगायला हवे. आपल्याकडे बहुतेकांचा स्काऊटशी संबंध येतो तो शाळेतून. शाळेतील एखाद्या शिक्षकाकडे पथकाची जबाबदारी दिलेली असते आणि त्या शिक्षकाच्या मागे परीक्षा, सर्वेक्षणे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी अशी दहा कामे आधीच लागलेली असतात. काही शिक्षक त्यातूनही उत्तम पथक उभे करतात. आमच्या मुलाच्या शाळेत मात्र स्काऊट हा २६ जानेवारीच्या संचलनापुरता गणवेश होता. खुले पथक एका शाळेशी बांधलेले नसते. परिसरातील कोणत्याही शाळेतील मूल तेथे येऊ शकते, भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा संस्थेकडे त्याची रीतसर नोंदणी होते, अभ्यासक्रम आणि पदके तीच असतात, परंतु ते चालवणारी माणसे पूर्णपणे स्वयंसेवक असतात. आमच्या गटात एक निवृत्त बँक कर्मचारी, चाकणच्या कारखान्यात काम करणारा एक अभियंता, एक फिजिओथेरपिस्ट ताई, एक प्राथमिक शिक्षिका आणि कधीकाळी याच पथकात वाढलेले दोन रोव्हर, म्हणजे स्काऊटच्या पुढच्या, तरुणांच्या विभागातले सदस्य, आहेत. यांपैकी कोणालाही मानधन मिळत नाही आणि शिबिराला जाण्यासाठी जवळपास सर्वांनाच आपली रजा खर्च करावी लागते.

पहिले दोन-तीन महिने मला हे पथक थोडे विस्कळीत वाटले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. मैदानाच्या एका कोपऱ्यात आठ मुले दोरीच्या गाठींवर वाद घालत आहेत, दुसऱ्या कोपऱ्यात चौदा वर्षांचा एक मुलगा त्याच्याहून लहान सहा जणांना शिट्टीचे संकेत समजावत आहे, आणि पथकाचे प्रमुख, ज्यांना सगळी मुले 'काका' म्हणतात, ते वहीत काहीतरी लिहीत झाडाखाली उभे आहेत, असे ते दृश्य असे. शिकवण्या आणि क्रीडा प्रशिक्षणाचे वर्ग पाहण्याची सवय असलेल्या पालकाला असे वाटते की मोठ्या माणसाने पुढे उभे राहून शिकवावे. काका शिकवत का नाहीत, असा प्रश्न मी तेव्हा दुसऱ्या एका आईला विचारलाही होता.

त्याचे उत्तर पथकाच्या रचनेत आहे आणि ते समजायला मला जवळपास वर्ष लागले. स्काऊट पथक सहा ते आठ मुलांच्या लहान संघांत विभागलेले असते. प्रत्येक संघाला पशू किंवा पक्ष्याचे नाव, स्वतःचा ध्वज, संघनायक आणि उपसंघनायक असतो. शनिवारी जे घडते त्याची तयारी बुधवारी रात्री झालेली असते. बुधवारी साडेआठ वाजता काकांच्या घराच्या गच्चीवर चारही संघनायक जमतात आणि तेथे काका व अभियंता दादा त्यांना पुढच्या शनिवारचा विषय शिकवतात. बोलाइन गाठ कशी बांधायची एवढेच नव्हे, तर लहान मुलाला ती जमत नसेल तेव्हा त्याच्या हातातून दोरी काढून न घेता कशी दाखवायची, हेही तेथे शिकवले जाते. शनिवारी काका झाडाखाली उभे राहू शकतात, कारण त्यांचे काम बुधवारीच आटोपलेले असते. वहीत ते कोणत्या मुलाचे कोणत्या कसोटीपर्यंत काम झाले आहे, कोण दोन आठवडे आलेला नाही आणि कोणता संघनायक दमल्यासारखा दिसतो याच्या नोंदी करतात. तीन आठवडे न आलेल्या मुलाच्या घरी दूरध्वनी जातो. आमचा मुलगा सातवीत पथक सोडण्याच्या बेतात होता, तेव्हा असाच दूरध्वनी आला होता आणि त्यानंतर काका स्वतः घरी येऊन त्याच्याशी अर्धा तास बोलले होते. आम्हा दोघांना त्यांनी त्या वेळी खोलीबाहेर बसायला सांगितले.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात जेमतेम वीस मुले होती आणि त्यांचे चार संघ केले होते. त्या मुलांत श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुलेही होती आणि गावातल्या सामान्य कुटुंबांतील मुलेही होती. आमच्या पथकात हे मिश्रण आजही टिकवले आहे, याचे श्रेय मी या स्वयंसेवकांना मनापासून देते. आमच्या मुलाच्या संघात दोन मुले मोठ्या गृहसंकुलांतली, तीन महापालिकेच्या शाळेतली, एक रिक्षाचालकाचा मुलगा आणि एक डॉक्टरांचा मुलगा आहे. संघ पाडताना काका शाळा आणि पत्ता पाहून मुद्दाम मुले वेगवेगळी करतात. आपल्या शाळेतल्या मित्राच्याच संघात मुलाला घालावे, असा आग्रह आम्हीही सुरुवातीला धरला होता. तो त्यांनी नम्रपणे नाकारला, आणि ते योग्यच झाले.

महिन्यातून एकदा मानसभा भरते. संघनायक आणि स्काऊट मास्तर यांची ही बैठक असते आणि पथकाचे बहुतेक निर्णय तेथे होतात : सहल कोठे न्यायची, वर्गणीच्या शिल्लक रकमेतून नवा तंबू घ्यायचा की दोऱ्या, शिस्त मोडलेल्या मुलाचे काय करायचे. काकांना नकाराधिकार आहे, पण माझ्या माहितीत त्यांनी तो एकदाच वापरला, आणि तोही पावसाळ्यात भरलेल्या ओढ्यापलीकडे मुक्काम करण्याच्या ठरावावर. एकदा मुलांनी ठरवलेली सायकल सहल नियोजनाअभावी फसली, मुले अर्ध्या वाटेवरून परतली, आणि पुढच्या मानसभेत तासभर फक्त 'आपण काय विसरलो' याची यादी झाली. ती यादी आमच्या मुलाच्या लॉगबुकात आहे. पंक्चर काढण्याचे साहित्य कोणी आणायचे, हे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले होते, हे त्याने त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.

मागच्या डिसेंबरात मावळातील एका शेतकऱ्याच्या आमराईत तीन दिवसांचे शिबिर झाले. तेथून पवना धरणाचे पाणी आणि पलीकडे तिकोना किल्ला दिसतो. रात्री कडाक्याची थंडी पडते. प्रत्येक संघाचा तंबू वेगळा, चूल वेगळी आणि शिधा वेगळा होता. काय शिजवायचे ते संघाने आधीच ठरवून त्याचे प्रमाण काकांकडून तपासून घेतले होते. भांडी ठेवण्याची मांडणी, चपलांचा स्टँड, हात धुण्याची जागा हे सर्व बांबू आणि दोरीने, एकही खिळा न वापरता, मुलांनी उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली तेव्हा एका संघाच्या मांडणीची बांधणी सैल निघाली. रोव्हर दादाने तिला हात लावला नाही, फक्त त्यावर एक भरलेली कळशी ठेवायला सांगितले. मांडणी कलंडली, मुलांनी ती सोडवली आणि पुन्हा बांधली.

पहिल्या रात्री आमच्या मुलाच्या संघाची चूल पेटेना. त्यांनी गोळा केलेले सरपण दवाने ओले झाले होते आणि कोरडे लाकूड झाकून ठेवायचे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. बाकीच्या तीन संघांची जेवणे आटोपली, साडेनऊ वाजले, सर्वांत लहान मुलगा रडवेला झाला. मी मदतनीस म्हणून तेथे होते आणि माझ्या पिशवीत थेपले होते. मी उठले, तेव्हा काका हळू आवाजात म्हणाले, "ताई, साडेदहापर्यंत थांबू या. तोपर्यंत ती खिचडी त्यांची आहे." मला तो क्षण कठोर वाटला. थोड्या वेळाने अभियंता दादांनी मला गाडीपाशी नेऊन दाखवले : मागे ताडपत्रीखाली कोरड्या लाकडाची मोळी, गॅसची छोटी शेगडी आणि चाळीस जणांना पुरेल एवढा राखीव शिधा होता. साडेदहाला तो निघणारच होता. मुलांना मात्र त्याची कल्पना नव्हती. दहा वाजून काही मिनिटांनी संघनायकाने शेजारच्या संघाकडे जाऊन निखारे आणि चार कोरडी लाकडे मागितली, आणि मागणे हाच त्या रात्रीचा खरा धडा होता, असे दुसऱ्या दिवशी त्यानेच सर्वांसमोर सांगितले. खिचडी खालून करपली होती आणि वरून कच्ची होती, आणि त्या सात मुलांनी पातेले रिकामे केले.

मुलांना मोकळीक देण्याची भाषा अनेक संस्था करतात, पण त्या मोकळिकीखाली सुरक्षेची जाळी विणणारी माणसे क्वचित भेटतात. या पथकातील स्वयंसेवकांचे सर्वांत कष्टाचे काम तेच आहे आणि ते जवळजवळ अदृश्य असते. शिबिराच्या महिनाभर आधी दोन जण जागेची पाहणी करून येतात. पाण्याचा स्रोत, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन कोठे उपलब्ध आहे, भ्रमणध्वनीची जोडणी कोठे मिळते याची नोंद करतात. प्रत्येक मुलामागे एक पत्रक असते आणि त्यात पालकांची लेखी संमती, ॲलर्जी, चालू औषधे आणि तातडीचे दोन क्रमांक असतात. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलासोबत एकटा राहणार नाही, प्रवासात आणि मुक्कामात किमान दोन जबाबदार प्रौढ असतील, हा नियम ते कटाक्षाने पाळतात. एकदा एक स्वयंसेवक अचानक आजारी पडल्यामुळे ऐन सकाळी सहल रद्द झाली. मुले हिरमुसली, पालकांपैकी काहींनी कुरकूर केली, माझा मात्र पथकावरचा विश्वास त्या दिवशी पक्का झाला.

या स्वयंसेवकांची स्वतःची तयारीही पालकांनी विचारात घ्यावी. पथक चालवायला घेणाऱ्याला आधी प्राथमिक निवासी प्रशिक्षण, मग प्रगत प्रशिक्षण आणि त्यानंतर पुढच्या टप्प्यावर 'हिमालय वुड बॅज' अशा पायऱ्या चढाव्या लागतात. गळ्यातील चामडी वादीत ओवलेले दोन लाकडी मणी ही त्याची खूण असते. काकांकडे ते आहेत. दोन्ही रोव्हर दादांनी अद्याप फक्त प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे, आणि प्रथमोपचारात त्यांच्यापेक्षा फिजिओथेरपिस्ट ताई अर्थातच कितीतरी सरस आहेत.

खर्चाविषयी थोडक्यात. वार्षिक वर्गणी १२०० रुपये आहे, तीन दिवसांच्या शिबिराला ९०० रुपये पडले आणि गणवेशाचा खर्च वेगळा. कोणत्याही क्रीडावर्गाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे. ज्यांना ती जड जाते, त्यांची वर्गणी 'खरी कमाई'तून भरली जाते. खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः श्रम करून मिळवलेले पैसे. आमची मुले दिवाळीपूर्वी आकाशकंदील करून विकतात आणि उन्हाळ्यात सोसायट्यांमधून सायकली धुतात. कोणाची वर्गणी कोठून आली, हे फक्त दोन स्वयंसेवकांना ठाऊक असते. वर्षअखेरीचा जमाखर्च सर्व पालकांपुढे मांडला जातो आणि त्यात दोरीच्या गुंडाळ्यापर्यंतचा हिशेब असतो.

सेवेचा भाग मला या पथकात खरा वाटला. भारतात १९०९ मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले तेव्हा ही चळवळ भारतीय मुलांसाठी खुली नव्हती. पुढे ॲनी बेझंट यांनी, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांच्या सेवा समितीने भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या, आणि स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्रीकरणातून आजची संस्था घडली. सेवा समितीचे नाव ज्या वृत्तीतून आले, ती वृत्ती पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आमच्या मुलांत दिसते. दोन दिवस ती वारकऱ्यांना पाणी देतात, चुकलेल्यांना त्यांच्या दिंडीचा क्रमांक विचारून योग्य जागी पोहोचवतात. मुलांची पाळी दोन तासांची असते, कारण उन्हात लहान मूल किती टिकते याचा अंदाज स्वयंसेवकांनी आधीच बांधलेला असतो. छायाचित्रे काढण्यासाठी कोणी थांबत नाही.

आता उणिवा. पहिली उणीव माझ्या मते गंभीर आहे. कागदपत्रांचे काम एकाच माणसाच्या खांद्यावर असल्यामुळे मागच्या वर्षी नोंदणीचे नूतनीकरण वेळेत झाले नाही, आणि तृतीय सोपान पूर्ण केलेल्या पाच मुलांची राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराची संधी त्या वर्षापुरती हुकली. त्यात आमचा मुलगा होता. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान असा पायऱ्यांचा प्रवास मुले काही वर्षे करत आलेली असतात; अशा वेळी मोठ्यांच्या चुकीमुळे थांबावे लागणे मुलांच्या जिवाला लागते. काकांनी पाचही मुलांची आणि पालकांची एकत्र बसवून माफी मागितली, चूक कोणाची हे सांगताना दुसऱ्याचे नाव घेतले नाही, आणि या वर्षीपासून नोंदणीचे काम दोन पालकांकडे सोपवले. माफी मनापासून होती, परंतु मुलांचे वर्ष परत आले नाही, आणि हे लिहिताना मला आजही वाईट वाटते.

दुसरी उणीव मुलींच्या विभागाची आहे. गाईड कंपनी (मोठ्या मुलींचे पथक) आणि बुलबुल फ्लॉक (लहान मुलींचे पथक) यांचे नेतृत्व स्त्रियांनीच करायचे असते. आमच्या गटात प्रशिक्षण घेतलेल्या दोनच ताई आहेत. त्यांपैकी एकीच्या बाळंतपणाच्या काळात गाईड कंपनीच्या सभा पाच महिने बंद राहिल्या. त्या काळात मुलांचे पथक मैदानावर खेळत होते आणि दहा-बारा वर्षांच्या मुली घरी होत्या. आईवर्गाला या कामासाठी येण्याबद्दल विचारले की पहिले उत्तर 'शनिवारी घरचे सगळे करायचे असते' असे येते, आणि ते खोटे नाही. शनिवारची संध्याकाळ वडिलांना मोकळी मिळते आणि आईला मिळत नाही, याचा भुर्दंड मुली भरतात. ज्या घरांतून मुली येतात, त्या घरांनी आळीपाळीने एकेका आईला दोन तास मोकळे करून दिले, तरी हा प्रश्न बराच सुटेल.

किरकोळ तक्रारीही आहेत. निरोप उशिरा येतात. शुक्रवारी रात्री 'उद्या सकाळी सहाला भेटू' असे कळले की नोकरी करणाऱ्या पालकांची धांदल उडते. पावसाळ्यात छप्पर नसल्याने सभा शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीने भरते. नववी-दहावीची मुले एकाएकी गळतात, आणि त्यांना धरून ठेवण्यासाठी पथकाकडे आज तरी पुरेसा मोठ्या वयाचा कार्यक्रम नाही. गाठी आणि मागखुणा चौथ्या वर्षीही त्याच असतील, तर पंधरा वर्षांचा मुलगा कंटाळणारच. त्याला नियोजनाची, प्रवासाची, लहानांना शिकवण्याची मोठी कामे हवीत. दोन्ही रोव्हर दादांशी याबद्दल बोलणे झाले आहे आणि येत्या उन्हाळ्यात मोठ्या मुलांची वेगळी पदभ्रमण मोहीम ठरत आहे.

दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी मुलाला घालायचे असेल, तर हे पथक निवडू नये, असे मी स्पष्ट सांगेन. काकाही हे पहिल्याच भेटीत सांगतात. ज्या मुलाला दर आठवड्याला मोजता येणारी प्रगती दाखवावी लागते, त्याच्या पालकांनाही येथे चैन पडणार नाही. बुजरी मुले येथे उमलताना मी पाहिली आहेत, परंतु त्यांना सहा-आठ महिने द्यावे लागतात आणि त्या काळात पालकांनी मैदानाच्या कडेला उभे राहून खुणा करू नयेत. अतिशय चळवळ्या मुलांना तर ही जागा फारच मानवते.

नवे प्रवेश जूनच्या पहिल्या दोन शनिवारी होतात. पालकांपैकी एकाने मुलासोबत पूर्ण सभा पाहावी, अशी त्यांची अट आहे आणि ती चांगली आहे. मुलाला जुने कपडे, बूट आणि पाण्याची बाटली एवढेच द्यावे. गणवेश दीक्षाविधी जवळ आल्यावर घेतला तरी चालतो, आणि वरच्या वर्गातील मुलांचे आखूड झालेले गणवेश पथकाच्या पेटीत धुऊन-इस्त्री करून ठेवलेले असतात. सभा संपल्यावर काका प्रत्येक नव्या पालकाला एक कागद देतात. त्यावर मुलाच्या माहितीच्या रकान्यांखाली शेवटची ओळ असते : 'आपण पथकासाठी महिन्यातून किती तास देऊ शकाल?' तीन वर्षांपूर्वी मी तो रकाना रिकामा सोडला होता. या जूनमध्ये मी त्यात आठ तास लिहिले आहेत, आणि गाईड विभागासाठी नोव्हेंबरमधील प्राथमिक प्रशिक्षणाला माझे नाव दिले आहे.